पिंकी स्टँप, प्लास्टिक आणि मुंबईचं विमान

१९५८ हे साल आपल्या ब्रॉसार्डकरांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ला प्रेरीच्या शेतजमिनीतून वेगळं होऊन ब्रॉसार्ड ही नगरपालिका जन्माला आली. जॉर्ज-आंरी ब्रॉसार्ड हे पहिले महापौर, त्यांच्याच नावाचं गाव. त्याच वर्षी कॅनेडियन टायरच्या पेट्रोल पंपांवर कंपनीने स्वतःच्या ‘नोटा’ वाटायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात बँक ऑफ अमेरिकेने साठेक हजार लोकांना, त्यांनी न मागता, पोस्टाने क्रेडिट कार्डं पाठवून दिली. आणि १ ऑक्टोबरला अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड बाजारात आलं. म्हणजे आपलं गाव, पॉइंट आणि प्लास्टिक ही तिन्ही भावंडं एकाच वर्षाची. पत्रिका कुणाला बघायची असेल तर जरूर बघावी.

मंडळी, आपल्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला जमली की पहिल्या अर्ध्या तासात मुलांच्या फ्रेंच शाळा, दुसऱ्या अर्ध्या तासात घरांचे भाव, आणि श्रीखंड येईपर्यंत ‘कुठलं कार्ड वापरतोस रे?’ हा विषय हमखास निघतो. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतो, जणू काही पॉइंटांचा सर्व्हर आमच्या बेसमेंटमध्येच ठेवलाय. पण हा सगळा प्रकार सुरू कसा झाला, हे पॉइंट देतो कोण आणि त्याचे पैसे भरतो कोण, हे जेवणाच्या टेबलावर कधी बोललं जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट विमानांच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत १८९६ पासून ‘एस अँड एच’ कंपनीचे हिरवे स्टँप दुकानदार ग्राहकांना वाटत असत. सामान घ्या, स्टँप मिळवा, वहीत चिकटवा, वही भरली की त्या बदल्यात दिवा, टोस्टर, इस्त्री. कॅनडाच्या सरकारला हा प्रकार इतका वाईट वाटला की १९०५ साली कायदा करून असे स्टँप वाटणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. गंमत म्हणजे पळवाटा काढून धंदा चालूच राहिला. १९६० च्या दशकात माँट्रियलच्या स्टाइनबर्ग सुपरमार्केटचे गुलाबी ‘पिंकी’ स्टँप इथल्या घराघरांत होते. आपल्या शेजारची कुठलीही सत्तरी ओलांडलेली क्युबेकवासी बाई बघा, पिंकी म्हटलं की तिला स्टँपची वही आठवते. तो जुना कायदा रद्द झाला थेट डिसेंबर २०१८ मध्ये. ज्या विधेयकाने तो काढून टाकला त्यातच द्वंद्वयुद्धाचं आव्हान देणे आणि जादूटोण्याचं सोंग करून लुबाडणे ही कलमंही गेली. म्हणजे अगदी कालपरवापर्यंत कायद्याच्या पुस्तकात पॉइंटवाले आणि भोंदूबाबा एकाच रांगेत बसले होते. मला स्वतःला ही रांग फारशी चुकीची वाटत नाही, पण ते असो.

क्रेडिट कार्ड कॅनडात रुजलं १९६८ साली. रॉयल बँक, टोरांटो-डोमिनियन, सीआयबीसी आणि माँट्रियलची बांक कनाडिएन नास्योनाल या चौघांनी मिळून ‘चार्जेक्स’ नावाचं कार्ड काढलं. १९७७ मध्ये त्याचंच नाव व्हिसा झालं. फ्रेस्नोमध्ये झाला तसा न मागता कार्डं टाकण्याचा प्रकार क्युबेकने १९७८ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बंद केला. हा कायदा पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने, म्हणजे सर सोराबजी पोचखानवालांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या बँकेने, १९८० मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढलं. पण आपल्या आईवडिलांच्या पिढीला त्याचं कौतुक नव्हतं. आमच्या घरी ‘उधारी’ हा शब्द ‘आजारपण’ या शब्दाच्या सुरात उच्चारला जायचा. किराण्याच्या वहीवर महिनाभर सामान यायचं ती उधारी नव्हे, ती ओळख. ‘उधारी’ म्हणजे बँकेचं कर्ज! त्यामुळे १९७० च्या दशकात इथे आलेले आपले काका-काकू कार्ड घेऊनही कपाटात ठेवत आणि चेक फाडत. आमच्या ओळखीचे एक काका १९७४ साली माँट्रियलला आले. पहिल्यांदा पुण्याला परत गेले ते पाच वर्षांनी. मधल्या काळात वडील गेले. तार मिळाली तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते. तिकिटाचे पैसे जमवायला लागणारा वेळ आणि माणसाचं आयुष्य यांचा मेळ बसत नसे, हे ते अगदी सहज सांगतात, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगताहेत.

हे का सांगितलं? कारण परदेशस्थ माणसाला विमानाचं तिकीट म्हणजे चैन नव्हे. इथल्या सहकाऱ्यांना पॉइंट म्हणजे कॅनकूनचा समुद्र. आपल्याला पॉइंट म्हणजे आई. त्यामुळे त्यांचा भाव घसरला की आपल्याला जास्त लागतं.

आता मुख्य कथेकडे वळू. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘एअॅडव्हांटेज’ सुरू केलं. नेहमीच्या प्रवाशांच्या मैलांची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची आणि ठरावीक मैल झाले की फुकट तिकीट द्यायचं. माझ्या मते हा विमान उद्योगाइतकाच डेटाबेसचा पराक्रम होता. आरक्षणाची संगणक यंत्रणा आधीपासून उभी होती म्हणूनच कोण किती उडतो हे शोधता आलं. कागदावर हे जमलं नसतं. (त्याच १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसाची नोंदही त्याच सुमारास एका जागी ठेवली जाऊ लागली म्हणायची!) एअर कॅनडाने १९८४ च्या जुलैमध्ये ‘एअरोप्लान’ आणलं. एअर कॅनडाचं मुख्यालय माँट्रियलमध्ये, जगातल्या विमान कंपन्यांची संघटना आयाटा माँट्रियलमध्ये, नागरी विमान वाहतुकीची संयुक्त राष्ट्रांची संस्था आयकाओ माँट्रियलमध्ये. विमानवाल्यांची पंढरीच ही. आपण पूल ओलांडून रोज तिथेच नोकरीला जातो.

१९९१ साली खरा बदल झाला. सीआयबीसीने ‘एअरोगोल्ड’ व्हिसा काढलं. आता मैल मिळवायला विमानात बसायची गरज उरली नाही. दूध घ्या, मैल. टायर बदला, मैल. पुढच्याच वर्षी ‘एअर माइल्स’ कॅनडात आलं, बँक ऑफ माँट्रियलला बरोबर घेऊन. ब्रिटनमध्ये कीथ मिल्स यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या योजनेची ही आवृत्ती.

पण बँक हे देते कुठून? समजा तुम्ही टाशरो बुलेव्हारवरच्या दुकानात शंभर डॉलरचं सामान कार्डावर घेतलं. दुकानदाराच्या हातात शंभर पडत नाहीत, साधारण अठ्ठ्याण्णव पडतात. मधल्या दोनाचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, उरलेला व्हिसा-मास्टरकार्डला आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला. बँक आपल्या वाट्यातून एअरोप्लानकडून मैल विकत घेते आणि तुम्हाला ‘बक्षीस’ देते. कार्ड जितकं झुळझुळीत तितकी कापणी जास्त. दुकानदारांच्या ओरडीनंतर व्हिसा आणि मास्टरकार्डने सरकारला शब्द देऊन बँकांचा वाटा सरासरी दीड टक्क्यावर आणला, तो एप्रिल २०१५ पासून. पुढे २०२० पासून १.४ टक्के.

आता ज्यांना हे गणित नीट कळलं, त्यांनी काय केलं बघा. अमेरिकेत १९९९ साली डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने एका कंपनीच्या पुडिंगच्या डब्यांवर मैलांचं कुपन आहे हे पाहून १२,१५० डबे विकत घेतले. खर्च ३,१४० डॉलर, मैल मिळाले साडेबारा लाख. कुपनं सोलायला साल्व्हेशन आर्मीचे लोक बसले आणि पुडिंग त्यांना दान दिलं, त्यावर करसवलतही मिळवली. इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, कुठल्याही देशातला असो! २००८ पासून अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी छापील किमतीला, टपालखर्च न घेता, घरपोच द्यायला सुरुवात केली. लोकांनी ती कार्डावर हजारोंनी मागवली, पॉइंट घेतले आणि नाणी तशीच बँकेत भरली. २०११ मध्ये टांकसाळीला जाग आली आणि कार्डावर विक्री बंद झाली.

ब्रॉसार्डमध्ये अशी चंगळ नव्हती. इथे अडचण वेगळीच होती. आपले मोठे खर्च कोणते? घरभाडं किंवा हप्ता, आयकर, मुलांच्या पाळणाघराचे पैसे. यातलं जवळजवळ काहीच कार्डावर भरता येत नसे. कॅनडाचं महसूल खातं स्वतः क्रेडिट कार्ड घेत नाही, आणि घरमालक तर वर्षाचे बारा पोस्टडेटेड चेक मागायचा. कॉस्टकोमध्येही २०१४ अखेरपर्यंत फक्त अमेरिकन एक्स्प्रेस, त्यानंतर फक्त मास्टरकार्ड. म्हणजे कार्ड आहे, पॉइंट आहेत, पण पैसे जातात दुसऱ्याच नळाने.

तो नळ जोडून दिला ऑनलाइन पेमेंटच्या कंपन्यांनी. पेपाल सुरू झाली ती दोन माणसांमधल्या देवघेवीसाठी. पण ‘ज्याला कार्ड चालत नाही त्यालाही कार्डाने पैसे पोचवा’ हाच धंदा करून दाखवला तो २०१२ च्या सुमाराला आलेल्या ‘प्लास्टिक’ नावाच्या कंपनीने. संस्थापकाला म्हणे हार्वर्डची फी कार्डाने भरता येईना, तिथून कल्पना सुचली. तुम्ही कार्डावर तिला पैसे द्यायचे, ती तुमच्या वतीने घरमालकाला किंवा कर खात्याला चेक नाहीतर बँकेतून रक्कम पाठवणार. मोबदला अडीच टक्क्यांच्या घरात. कॅनडातही ती चालायची आणि आपल्या मंडळात काही काळ या नावाचा जप चालू होता.

इथे मी माझ्यातला कन्सल्टंट बाहेर काढतो. चार हजार डॉलरचा कर असा भरला तर शंभर डॉलर मध्यस्थाला गेले. डॉलरमागे एक पॉइंट देणाऱ्या कार्डावर मिळाले चार हजार पॉइंट. एक पॉइंट दीड सेंटाचा धरला, आणि हा भाव चांगलाच म्हणायचा, तरी झाले साठ डॉलर. शंभर देऊन साठ घेतले! याला आमच्या आजीने ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हटलं असतं. मग शहाणी माणसं हे का करत होती? तर नव्या कार्डाच्या स्वागताच्या बक्षिसासाठी. समजा कार्ड म्हणतंय, तीन महिन्यांत तीन हजार खर्च करा आणि पन्नास हजार पॉइंट घ्या. मध्यमवर्गीय मराठी घरात तीन महिन्यांत कार्डावर तीन हजार सहज होत नाहीत, कारण आपण बाहेर जेवायला जातच नाही. अशा वेळी भाडं मध्यस्थामार्फत भरलं, तर पंचाहत्तर डॉलरात साडेसातशेचे पॉइंट हाताला लागतात. एवढ्यापुरतंच हे गणित बरोबर येतं. त्यातही पुढच्या महिन्यात बिल पूर्ण भरलं तरच, कारण एकदा का वीस टक्क्यांचं व्याज लागलं की मुंबईचं विमान धावपट्टीवरच राहिलं. क्युबेकने किमान भरण्याची रक्कम दरवर्षी अर्ध्या टक्क्याने वाढवत ऑगस्ट २०२५ पासून पाच टक्के केली आहे, ती याच गाळात रुतणाऱ्यांसाठी.

ही सोयही कायमची नव्हतीच. प्लास्टिक कंपनीने मे २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. भाडं आणि कर कार्डावर घेणारे नवे मध्यस्थ कॅनडात आले, टक्केवारी थोडी इकडे-तिकडे. भारतात हीच गोष्ट जास्त वेगाने घडली. क्रेडसारख्या अॅपवरून घरभाडं कार्डावर भरायची लाट आली, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आयसीआयसीआय बँकेने त्यावर एक टक्का आकार लावला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर अॅपवाल्यांनी ती सेवाच गुंडाळली.

आता पॉइंट गाठीशी बांधून ठेवणाऱ्यांची कथा. मी डेटाबेसवाला माणूस, म्हणून मला हे असं दिसतं: तुमच्या खात्यात ७५,००० लिहिलेला एक रकाना आहे. तो आकडा तुमचा. पण त्या आकड्याचा अर्थ ज्या तक्त्यात लिहिलाय तो तक्ता कंपनीचा. तुमच्या रकान्याला हात न लावता कंपनी तक्ता बदलू शकते, आणि तुम्हाला वाटतं माझे पॉइंट तर तेवढेच आहेत! एअरोप्लानचा इतिहास म्हणजे हा तक्ता कुणाच्या हातात असावा याची भांडणं. १ एप्रिल २००३ ला एअर कॅनडाने न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं. जुन्या भागधारकांच्या हातात फारसं काही उरलं नाही, पण एअरोप्लान मात्र हिरा ठरला. २००५ मध्ये ते शेअर बाजारात आलं, हळूहळू वेगळी कंपनी झाली आणि २०११ मध्ये त्या कंपनीने ‘एमिया’ नाव घेतलं. मुख्यालय माँट्रियलच. मधल्या काळात, २००७ पासून, सात वर्षांनी मैल बाद होण्याचा नियम लागला. चार-पाच वर्षांतून एकदा चौघांची भारतवारी करणाऱ्या कुटुंबाला हा नियम जितका बोचला तितका दर महिन्याला उडणाऱ्याला नव्हे. २०१३ मध्ये तो मागे घेतला. १ जानेवारी २०१४ पासून एअरोप्लानचं मुख्य कार्ड सीआयबीसीकडून टीडीकडे गेलं आणि जवळजवळ निम्मी खाती, म्हणजे माणसंच, एका बँकेने दुसरीला विकली. पत्र आलं, नवीन कार्ड आलं, बस्स.

मग ११ मे २०१७. एअर कॅनडाने जाहीर केलं की २०२० नंतर आम्ही स्वतःची योजना काढणार. एमियाचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. लाखो लोकांचे मैल अशा कंपनीत अडकले की जिच्याकडे विमानच राहणार नव्हतं. ‘सगळं आत्ताच वापरून टाका’ असे फोन त्या उन्हाळ्यात आपल्याकडे किती फिरले! शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एअर कॅनडाने एअरोप्लान परत विकत घेतलं, ४५ कोटी डॉलर रोख देऊन. पण खरी रक्कम पुढे आहे: त्याबरोबर जवळजवळ १.९ अब्ज डॉलरचं मैलांचं देणं अंगावर घेतलं. आपल्या घरी ज्याला आपण ‘साठवण’ म्हणतो ते त्यांच्या वहीत ‘कर्ज’ आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये नवी योजना आली. जुन्या काळी ‘फुकट’ तिकिटावर शेकडो डॉलरचा इंधन अधिभार लागायचा तो गेला, पण एअर कॅनडाच्या स्वतःच्या विमानांचे ठरलेले दरही गेले. आता मागणीप्रमाणे भाव. डिसेंबरचे भाव बघायचे असतील तर आधी पाणी प्यावं.

कायद्याने यात थोडं तरी केलं. एअर माइल्सने पाच वर्षांपूर्वीचे मैल ३१ डिसेंबर २०१६ ला बाद करायचं ठरवलं होतं. लोक इतके खवळले की महिन्याभराआधी कंपनीने माघार घेतली, आणि ओंटारियोने त्याच डिसेंबरात कायदा केला. क्युबेकचा नियम १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला: ठरावीक तारखेला पॉइंट बाद करता येत नाहीत. मात्र वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ खातं वापरलंच नाही तर करता येतात. म्हणून अधूनमधून खात्यात काहीतरी हालचाल ठेवावी. एअर माइल्स चालवणारी कंपनी २०२३ च्या मार्चमध्ये न्यायालयात गेली तेव्हा योजना शेवटी बँक ऑफ माँट्रियलने विकत घेतली, म्हणून मैल वाचले. आपल्याकडच्या किंगफिशरच्या प्रवाशांना २०१२ मध्ये असा कुणी भेटला नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तिचे मैल मात्र वेगळ्या कंपनीत असल्यामुळे ‘इंटरमाइल्स’ नावाने जगले. म्हणजे एमियासारखी फारकत कधी ग्राहकाला तारते, कधी बुडवते. आणि एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली, त्यामुळे ब्रॉसार्डमध्ये दुधावर मिळालेले मैल दिल्लीहून पुण्याला जायला चालू लागले. १९७४ च्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ नुसतेच हसत होते.

राहता राहिला तो प्रश्न, पैसे भरतो कोण. ६ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडात दुकानदारांना क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त २.४ टक्क्यांपर्यंत वेगळा आकार लावायची परवानगी मिळाली. फक्त क्युबेकमध्ये नाही, कारण तोच १९७८ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की जाहीर किमतीपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्यामुळे इथे कार्डाचा खर्च सगळ्यांच्या किमतीत मिसळलेला असतो. रोख देणारी म्हातारी आणि सोनेरी कार्डवाला मी, दोघंही तूरडाळीला एकच भाव देतो, आणि विमानात मात्र मी बसतो. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही. पण म्हणून मी कार्ड वापरणं सोडलेलं नाही, हेही खरं.

टाशरोवर आम्ही जिथून किराणा घेतो त्या दुकानाचे मालक गुजराती, वीस वर्षं दुकान चालवताहेत. मागच्या दिवाळीत फराळाचं सामान, चकलीची भाजणी, साखर, तूप असं सव्वाशेचं बिल झालं. मी विचारलं, ‘भाई, कार्डावर तुमचे किती जातात?’ त्यांनी माझ्या कार्डाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘ये वाला? ये तो मेरे पैसे से आपको बॉम्बे भेजता है. डेबिट है क्या?’ क्युबेकमध्ये इंटरॅक डेबिटवर दुकानदाराचे काही सेंटच जातात. त्या दुकानात मी तेव्हापासून डेबिट कार्ड देतो. भाई कधीकधी पिशवीत कढीपत्त्याची एक जुडी जास्त टाकतात.